शीतयुद्धातला निर्णय विचारसरणीने घेतला की राष्ट्रहिताने, हे कसं ठरवायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. एम. ए.साठी शीतयुद्धाचा इतिहास वाचताना एका पुस्तकात तुम्हाला सापडलं की भांडवलशाही विरुद्ध साम्यवाद ही सगळी वरची झूल होती, आत चाललं होतं ते जुनंच सत्ताकारण. दुसऱ्या पुस्तकाचं म्हणणं नेमकं उलट: विचारसरणी बाजूला काढली तर शीतयुद्ध उरतच नाही. डिसेंबर १९७९ मध्ये सोव्हिएत सैन्य अफगाणिस्तानात का घुसलं यावर तुम्हाला निबंध लिहायचा आहे आणि कोणाची बाजू धरावी ते उमगत नाहीये.

मी आंतरराष्ट्रीय संबंधांचा इतिहास शिकवतो. खुली झालेली सरकारी कागदपत्रं विद्यार्थ्यांबरोबर ओळीओळीने वाचणं हा माझ्या कामाचा मोठा भाग आहे, म्हणून उत्तरही त्याच अंगाने देतो.

तुमची अडचण मला अशी दिसते की दोन्ही पुस्तकांकडे पुराव्यांची वानवा नाही. ऑक्टोबर १९४४ मध्ये मॉस्कोत चर्चिल आणि स्टालिन यांनी एका कागदावर बाल्कन देशांची टक्केवारी मांडली: रुमानियात ९० टक्के रशियाचं चालेल, ग्रीसमध्ये ९० टक्के ब्रिटनचं. पुढे ग्रीक कम्युनिस्ट जिवावर उदार होऊन लढत असताना स्टालिनने हात आखडता घेतला आणि फेब्रुवारी १९४८ मध्ये युगोस्लाव्ह नेत्यांना बजावलं की ग्रीसमधला उठाव आवरता घ्या. हे वाचलं की पहिलं पुस्तक पटतं. पण त्याच स्टालिनने १९४७ मध्ये, देश युद्धात बेचिराख झालेला असताना, युरोपच्या उभारणीसाठी अमेरिकेने देऊ केलेल्या मदतीकडे, म्हणजे मार्शल योजनेकडे, पाठ फिरवली आणि घ्यायला राजी असलेल्या चेकोस्लोव्हाकियालाही माघार घ्यायला लावली. आता दुसरं पुस्तक पटायला लागतं. उदाहरणांना उदाहरणं भिडवून हा वाद मिटणारा नाही. एकेक निर्णय हातात घेऊन तो आतून उघडावा लागतो.

तो उघडताना मी काय बघतो ते आधी सांगतो. निर्णय घेणाऱ्या माणसाला आपलं सैन्य किती, तिजोरीत काय आहे, नकाशावर आपण कुठे आहोत हे साधारण ठाऊक असतं. समोरच्याच्या मनात काय आहे हे मात्र ठाऊक नसतं, आणि निर्णय तर आजच घ्यायचा असतो. ही जी न कळलेली जागा असते ती तो कशाने तरी भरतो. माझा अनुभव असा की शीतयुद्धात विचारसरणीने सगळ्यात जास्त काम या जागेत केलं. काय हवं हे बहुतेक वेळा राष्ट्रहिताने ठरवलं. कशाची भीती बाळगायची हे विचारसरणीने ठरवलं. आणि भीतीपोटी घेतलेले निर्णय या काळात हव्यासापोटी घेतलेल्या निर्णयांपेक्षा कितीतरी जास्त आहेत.

हे सरसकट सगळीकडे लागू होतं असा माझा दावा नाही. कोणता देश, कोणतं साल, निर्णय एकाच माणसाच्या हातात होता की दहा जणांच्या, यावर बरंच अवलंबून आहे. कागद कोणासाठी लिहिला होता यावर तर फारच. जाहीर भाषणातली विचारसरणी ही श्रोत्यांसाठी असते. बंद दाराआडच्या बैठकीत, जिथे बाहेरचं कोणी ऐकत नाही, तिथेही माणसं तीच भाषा बोलत असतील तर ती गंभीरपणे घ्यावी लागते. सोव्हिएत दफ्तरं १९९० नंतर काही प्रमाणात उघडली तेव्हा अनेक अभ्यासकांना धक्का बसला तो याच गोष्टीचा: ही मंडळी आपापसातही तसंच बोलत होती.

आता कागदांकडे वळू. वर्गात मी नेहमी १९४६ सालच्या दोन खलित्यांपासून सुरुवात करतो. पहिला २२ फेब्रुवारीचा, मॉस्कोतल्या अमेरिकन वकिलातीतून जॉर्ज केनन यांनी वॉशिंग्टनला पाठवलेला, पाच भागांचा. जागतिक बँक आणि नाणेनिधीत सामील व्हायला रशिया का कचरतोय, असं वॉशिंग्टनने विचारलं होतं. केनन यांनी त्या निमित्ताने सोव्हिएत स्वभावाचंच निदान पाठवलं. दुसरा २७ सप्टेंबरचा, वॉशिंग्टनमधले सोव्हिएत राजदूत निकोलाय नोविकोव यांचा. त्याच्या प्रतीवर परराष्ट्रमंत्री मोलोतोव यांनी जागोजागी रेघा ओढल्या आहेत. हा दुसरा कागद १९९० पर्यंत जगासमोर आलेलाच नव्हता.

दोन्हींतली देशांची नावं झाकून मी विद्यार्थ्यांना वाचायला देतो. समोरच्या देशाला जगावर वर्चस्व हवं आहे, त्याच्या वागण्याचं मूळ त्याच्या अंतर्गत व्यवस्थेत आहे, आपण सलोख्याने वागलो तरी त्यात फरक पडणार नाही: इथपर्यंत दोन्ही कागद जवळपास एकमेकांची प्रतिबिंबं आहेत. नुसतं एवढंच वाचलं तर सत्ताकारणवाल्या पुस्तकाचा विजय आहे. दोन मोठी राज्यं, मधला जर्मनी आणि जपान आडवे पडलेले, आणि दोघंही एकमेकांकडे संशयाने बघतायत.

पण पुढे वाचलं की दोन्ही कागद वेगळे होतात. केनन यांच्या मते मॉस्कोच्या भीतीचं मूळ जुन्या रशियन असुरक्षिततेत आहे आणि मार्क्सवाद त्या भीतीला नैतिक आवरण पुरवतो. त्यातून ते निष्कर्ष काढतात की ही सत्ता युक्तिवादाला दाद देत नाही, बळाला देते. नोविकोव अमेरिकेच्या धोरणामागे मक्तेदार भांडवल बघतात. आणि तिथून पुढे ते म्हणतात की अमेरिका आणि ब्रिटन यांच्यात मोठे अंतर्विरोध आहेत, त्यामुळे त्यांची युती टिकणारी नाही. हे वाक्य नकाशा बघून सुचत नाही. भांडवलशाही देश बाजारपेठेसाठी एकमेकांच्या उरावर बसतात हे लेनिनचं प्रतिपादन ज्याच्या अंगात मुरलंय त्यालाच ते सुचतं. प्रत्यक्षात सहा महिन्यांच्या आत ब्रिटनने ग्रीस आणि तुर्कस्तानचा भार झेपत नसल्याचं अमेरिकेला कळवलं आणि १२ मार्च १९४७ रोजी अमेरिकन अध्यक्ष ट्रुमन यांनी तिथल्या काँग्रेसकडे, म्हणजे संसदेकडे, त्या दोन देशांसाठी ४० कोटी डॉलर मागितले. भांडण व्हायचं सोडून एकाचा बोजा दुसऱ्याने उचलला. तरीही स्टालिन १९५२ मध्ये, मृत्यूच्या आदल्या वर्षी, भांडवलशाही देशांतलं आपसातलं युद्ध अटळ आहे असंच लिहीत होता. एवढ्या चाणाक्ष माणसाचा अंदाज इतका काळ एकाच दिशेने चुकत राहतो तेव्हा तिथे विचारसरणी काम करते आहे असं मी धरतो. झूल नुसती वर पांघरलेली असती, तर अंदाज चुकल्यावर ती काढून ठेवता आली असती.

एकाच कागदात दोन्ही गोष्टी बघायच्या असतील तर ३० जानेवारी १९५० ची स्टालिनची तार वाचा. उत्तर कोरियाचा नेता किम इल-सुंग दक्षिण कोरियावर चाल करून जायची परवानगी कधीपासून मागत होता; १९४९ मध्ये स्टालिनने त्याला नकार दिला होता. या तारेत त्याने प्याँगयांगमधल्या आपल्या राजदूताला, श्तिकोव यांना, कळवलं की अशा मोठ्या कामाला मोठी तयारी लागते, फार जोखीम राहता कामा नये, पण मी किमला मदत करायला तयार आहे. आणि त्याच तारेच्या शेवटी लिहिलं की आम्हाला शिशाची फार टंचाई आहे, कोरियाने दरवर्षी किमान २५,००० टन शिसं पाठवावं. लाखो माणसं ज्यात मेली त्या युद्धाची वाट मोकळी करून देणाऱ्या कागदावर हा शिशाचा तगादा आहे. आधी क्रांती की आधी शिसं, असं त्या माणसाला विचारलं असतं तर त्याला प्रश्नच कळला नसता. सोव्हिएत संघाचं बळ म्हणजेच क्रांतीचं बळ, अशी त्याची पक्की धारणा होती. म्हणून या दोहोंची वाटणी करून टक्केवारी काढण्याच्या भानगडीत तुम्ही पडू नका.

पलीकडे वॉशिंग्टनमध्ये त्या युद्धाचा अर्थ काय लावला गेला तेही बघा. एप्रिल १९५० मध्ये परराष्ट्र खात्यातले अधिकारी पॉल नित्झे यांच्या देखरेखीखाली एक गुप्त अहवाल तयार झाला होता, एनएससी-६८ नावाने ओळखला जातो तो. जगात कुठेही स्वतंत्र संस्थांचा पराभव झाला तर तो सगळीकडचा पराभव, अशी त्याची मांडणी होती, आणि संरक्षणखर्च कितीतरी पटीने वाढवावा असा आग्रह. ट्रुमन यांना एवढा खर्च परवडणारा वाटत नव्हता. २५ जूनला कोरियात तोफा सुटल्या आणि अहवालातली भीती खरी ठरल्यासारखी झाली. वॉशिंग्टनला हा हल्ला मॉस्कोच्या जागतिक आक्रमणाचा पहिला अंक वाटला. आज उपलब्ध असलेली कागदपत्रं सांगतात की पुढाकार किमचा होता आणि अमेरिका मध्ये पडणार नाही या हिशेबावर स्टालिनने होकार दिला होता. माओची संमती घे, ही अटही त्याने घातली होती. यातलं काहीच तेव्हा वॉशिंग्टनला माहीत नव्हतं. न कळलेली जागा त्यांनी आपल्या सिद्धांताने भरली आणि संरक्षणाचा खर्च तिपटीहून वर गेला. केनन स्वतः या सैनिकी वळणाच्या विरोधात होते, तरी त्यांच्याच खलित्याचा आधार घेऊन हे सगळं घडलं.

हंगेरीचं प्रकरण मी सगळ्यात जास्त वेळ शिकवतो, कारण तिथे निर्णय जवळजवळ तासातासाने बघता येतो. सोव्हिएत पक्षाच्या अध्यक्षमंडळाच्या बैठकींत व्लादिमीर मालिन नावाचा अधिकारी हाताने टिपणं घेत असे. तुटक, अर्धवट वाक्यं, कोण काय म्हणालं एवढंच. ती टिपणं १९९० च्या दशकात प्रसिद्ध झाली. पाठ्यपुस्तकातली गोष्ट अशी असते की हंगेरीचे पंतप्रधान इम्रे नॉज यांनी वॉर्सा करारातून, म्हणजे सोव्हिएत गोटाच्या लष्करी करारातून, बाहेर पडल्याचं जाहीर केलं, म्हणून रशियाने रणगाडे घातले. नॉज यांनी ती घोषणा केली १ नोव्हेंबर १९५६ रोजी. मालिनच्या टिपणांत ३० ऑक्टोबरला अध्यक्षमंडळ सैन्य मागे घ्यायला तयार झालेलं दिसतं. संरक्षणमंत्री झुकोवसुद्धा त्याला राजी होते. दुसऱ्याच दिवशी, ३१ ऑक्टोबरला, पक्षाचा प्रमुख ख्रुश्चेव सांगतो की निर्णयाचा फेरविचार करायला हवा, सैन्य मागे घ्यायचं नाही. म्हणजे लष्करी कारवाई ठरली ती करार सोडण्याच्या घोषणेच्या आदल्या दिवशी. पाठ्यपुस्तकातलं कारण तारखेतच बाद होतं.

मग या एका दिवसात काय बदललं? बुडापेस्टमध्ये ३० तारखेला जमावाने पक्षाच्या कार्यालयावर हल्ला करून सुरक्षा पोलिसांना ठार मारलं होतं. मॉस्कोत आलेल्या चिनी शिष्टमंडळाने आपला सल्ला फिरवला. आणि सुएझ कालव्यावरून ब्रिटन-फ्रान्सने इजिप्तला निर्वाणीचा इशारा दिला, हल्ला तोंडावर आला. ख्रुश्चेवचं जे बोलणं मालिनने टिपलंय त्याचा आशय असा: आपण हंगेरीतून निघालो तर साम्राज्यवाद्यांना चेव येईल, ते याला आपला दुबळेपणा समजतील, इजिप्तपाठोपाठ हंगेरीही त्यांच्या घशात जाईल.

इथे जरा थांबा. सुएझमध्ये ब्रिटन आणि फ्रान्सने अमेरिकेला अंधारात ठेवलं होतं आणि अमेरिकन अध्यक्ष आयझेनहॉवर संतापले होते. त्यांनी संयुक्त राष्ट्रांत आपल्याच मित्रांविरुद्ध पवित्रा घेतला. शिवाय परराष्ट्रमंत्री डलेस २७ ऑक्टोबरच्या भाषणात बोलून गेले होते की पूर्व युरोपातल्या या देशांकडे आम्ही संभाव्य लष्करी मित्र म्हणून बघत नाही, आणि हे मॉस्कोच्या कानावर मुद्दाम घालण्यातही आलं होतं. सगळ्या भांडवलशाही देशांचा एकच कट आहे असं मानायला वस्तुस्थितीचा काही आधार नव्हता. तरी बंद खोलीत बसलेल्या माणसांनी घटना जोडल्या त्या तशाच. हद्दीवरचा टापू हातचा जाऊ न देणं हे राष्ट्रहित जसं ३१ तारखेला होतं तसंच ३० तारखेलाही होतं. त्यामुळे फक्त राष्ट्रहिताने ३० तारखेचा होकार आणि ३१ तारखेचा नकार दोन्ही समजावता येत नाहीत. ४ नोव्हेंबरला रणगाडे पुन्हा बुडापेस्टमध्ये शिरले, सुमारे अडीच हजार हंगेरियन माणसं मेली आणि दोन लाखांच्या आसपास देश सोडून गेली. अध्यक्षमंडळातले अनास्तास मिकोयान बुडापेस्टमध्ये परिस्थिती डोळ्यांनी बघत होते आणि त्यांचा कारवाईला विरोध होता, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. ज्याला जास्त माहिती होती त्याला सिद्धांताची गरज कमी पडली.

अमेरिकेच्या बाजूने हंगेरीचा धडा वेगळा आहे. डलेस आधी काही वर्षं पूर्व युरोपच्या मुक्तीची भाषा बोलत आले होते, रेडिओवरून उठावाला धीर दिला जात होता, आणि वेळ आली तेव्हा वॉशिंग्टनने काखा वर केल्या. अण्वस्त्रयुद्धाचा धोका पत्करून बुडापेस्ट वाचवणं त्यांच्या हिशेबात बसतच नव्हतं. म्हणजे कृती कुठे थांबायची हे हिताने ठरवलं. पण शब्दांची किंमत हंगेरीच्या लोकांनी मोजली.

जाहीर शब्दांबद्दल आणखी एक गोष्ट, कारण निबंधात विद्यार्थी हमखास इथे घसरतात. ६ जानेवारी १९६१ रोजी ख्रुश्चेवने एका भाषणात राष्ट्रीय मुक्तिलढ्यांना पाठिंबा जाहीर केला. केनेडी नुकतेच सत्तेवर येत होते. त्यांनी ते भाषण आपल्या वरिष्ठ सहकाऱ्यांना वाचायला लावलं, जणू ते आपल्यालाच दिलेलं आव्हान आहे. त्या भाषणाचा मोठा रोख बीजिंगकडे होता. ख्रुश्चेवने क्रांती सोडून दिली, तो अमेरिकेपुढे नमला, असा माओचा आरोप होता आणि १९६० च्या उन्हाळ्यात मॉस्कोने चीनमधले आपले तंत्रज्ञ परत बोलावल्यापासून तेढ विकोपाला गेली होती. घरच्या भांडणातलं बोलणं शेजाऱ्याने अंगावर ओढून घ्यावं तसं झालं. त्यानंतर वॉशिंग्टनमध्ये बंडखोरीविरोधी युद्धाच्या तयारीला जोर आला आणि ती वाट व्हिएतनामकडे जाणारी होती. जाहीर भाषण वाचताना ते नेमकं कोणाला ऐकवायचं होतं हे आधी शोधा.

विचारसरणी सरळ बाजूला सारली गेली अशी प्रकरणंही भरपूर आहेत. त्यांची यादी देत बसत नाही, दोन-तीन पुरेत. जून १९४८ मध्ये युगोस्लाव्हियाच्या टिटोला कॉमिनफॉर्ममधून (मॉस्कोच्या पंखाखालची कम्युनिस्ट पक्षांची संघटना) काढल्यावर अमेरिकेने एका पक्क्या कम्युनिस्ट राजवटीला पैसा आणि पुढे शस्त्रं दिली. नासरने इजिप्तमधले कम्युनिस्ट तुरुंगात टाकले, तरी १९५५ मध्ये त्याला सोव्हिएत गोटातून शस्त्रं मिळाली. १९७७ मध्ये सोमालियाने इथिओपियावर हल्ला केला तेव्हा मॉस्कोने सोमालियाला सोडून इथिओपियाला हाताशी धरलं, आणि कालपर्यंत मॉस्कोचा मित्र असलेला सोमालिया अमेरिकेच्या दारात जाऊन उभा राहिला. या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे: समोरचा काय करणार याबद्दल फारसा संभ्रम नव्हता. टिटोला स्टालिनपासून वाचायचं होतं हे दिसतच होतं. हेतू स्वच्छ दिसत असला की सौदा होतो.

छोट्या आणि मधल्या देशांचं गणित तर आणखी वेगळं. त्यांना दोन्ही महासत्तांचे हेतू त्या महासत्तांपेक्षा चांगले वाचता येत, कारण त्यांचा जीव त्यावर अवलंबून होता. भारताने ऑगस्ट १९७१ मध्ये सोव्हिएत संघाशी मैत्री करार केला तो साम्यवादाच्या प्रेमाने नव्हे. जुलैमध्ये अमेरिकन अध्यक्षांचे सल्लागार किसिंजर पाकिस्तानमार्गे गुपचूप बीजिंगला जाऊन आले होते, पाकिस्तानचा लष्करशहा याह्या खान हा त्या भेटीतला मध्यस्थ होता, आणि त्या मध्यस्थाला दुखवायचं नाही म्हणून लोकशाहीचा पुरस्कार करणारी अमेरिका पूर्व पाकिस्तानातल्या कत्तलींकडे डोळेझाक करत होती. दिल्लीला वॉशिंग्टन-बीजिंग-इस्लामाबाद ही साखळी स्पष्ट दिसत होती. इथे विचारसरणीला फार वाव नव्हता.

आतापर्यंतचं एकत्र करतो. जिथे समोरच्याचा हेतू स्पष्ट असतो तिथे हिशेब चालतो. जिथे तो धूसर असतो, वेळ कमी असतो आणि निर्णय मोजक्या माणसांच्या हातात असतो, तिथे विचारसरणी ती धूसर जागा भरते. आता तुमचं अफगाणिस्तान या नजरेने बघा.

तुमच्याकडे तुलनेसाठी एक नामी सोय आहे: त्याच पॉलिटब्युरोने (सोव्हिएत पक्षाचं सर्वोच्च मंडळ) त्याच प्रश्नावर त्याच वर्षी दोनदा विचार केला आणि दोन उलट उत्तरं दिली. मार्च १९७९ मध्ये हेरातला मोठा उठाव झाला. एप्रिल १९७८ मध्ये सत्तेवर आलेलं काबूलचं कम्युनिस्ट सरकार हादरलं आणि त्याने सोव्हिएत सैन्य मागितलं. १७ मार्चच्या बैठकीत परराष्ट्रमंत्री ग्रोमिको म्हणाले की कोणत्याही परिस्थितीत अफगाणिस्तान हातचं जाऊ देता येणार नाही. मग सोव्हिएत पंतप्रधान कोसिगिन यांचं काबूल सरकारचा प्रमुख तराकी याच्याशी टेलिफोनवर बोलणं झालं. त्याचं टिपण जरूर वाचा. कोसिगिन विचारतात, हेरातमध्ये कामगार किती आहेत? तराकी सांगतो, फार थोडे, हजार-दोन हजार. नंतर तो सुचवतो की ताजिक, उझबेक, तुर्कमेन सैनिकांना अफगाणी गणवेश घालून पाठवा, कोणाला कळणार नाही. कोसिगिन म्हणतात, असं लपून राहणार नाही.

१८ तारखेला बैठकीचा सूर फिरला. केजीबीप्रमुख आंद्रोपोव म्हणाले की अफगाणिस्तान समाजवादासाठी तयारच नाही. अर्थव्यवस्था मागास, इस्लामचं प्राबल्य, खेड्यातली बहुतेक जनता निरक्षर. क्रांतिकारी परिस्थितीबद्दल लेनिनने जे सांगितलंय त्यात हे बसत नाही. ग्रोमिकोंनी अमेरिकेशी चाललेल्या तणावनिवळणीचा मुद्दा मांडला: इतक्या कष्टाने पदरात पडलेलं सगळं पाण्यात जाईल. बघा, मार्चमध्ये हित आणि विचारसरणी दोन्ही एकाच बाजूला होत्या, आणि दोन्ही नको म्हणत होत्या. मार्क्सवादी सिद्धांत इथे चक्क संयमाच्या बाजूने बोलतोय. विचारसरणी म्हणजे आक्रमण, असं समीकरण तुमच्या निबंधात असेल तर या एका बैठकीने ते कोसळतं.

डिसेंबरपर्यंत अफगाणिस्तानात कामगार काही वाढले नव्हते. बदललं ते असं: सप्टेंबरमध्ये त्याच सरकारातल्या हाफिजुल्ला अमीनने तराकीला हटवलं आणि ऑक्टोबरमध्ये त्याला ठार करवलं, सोव्हिएत नेता ब्रेझनेव तराकीला नुकताच मॉस्कोत भेटलेला असताना. अमीन काय करणार हे मॉस्कोला कळेना. तो अमेरिकन मुत्सद्द्यांना भेटल्याच्या बातम्या होत्या. इजिप्तच्या सादातने १९७२ मध्ये सोव्हिएत सल्लागार हाकलले आणि पुढे तो अमेरिकेकडे गेला, ही जखम ताजी होती. अमीन दुसरा सादात होईल अशी धास्ती बसली. संशय सगळाच मनाचा खेळ होता असंही नाही, कारण अमेरिकन अध्यक्ष कार्टर यांनी जुलैतच अफगाण बंडखोरांना शस्त्रेतर गुप्त मदत मंजूर केली होती. दुसरीकडे मार्चमध्ये जे गमवायची भीती होती ते डिसेंबरपर्यंत हातातून गेल्यातच जमा होतं: अण्वस्त्रांवर मर्यादा घालणारा साल्ट-२ करार अमेरिकन सिनेटमध्ये रखडला होता, आणि १२ डिसेंबरला ब्रसेल्समध्ये नाटोने पश्चिम युरोपात पर्शिंग-२ आणि क्रूझ क्षेपणास्त्रं बसवायचं ठरवलं. नेमक्या त्याच दिवशी मॉस्कोत निर्णय झाला. मार्चमध्ये विरोध करणारे कोसिगिन त्या बैठकीला नव्हते. निर्णयाचा कागद ब्रेझनेवचे विश्वासू चेर्नेंको यांनी हाताने लिहिलेला आहे, शीर्षकात देशाच्या नावाचं फक्त आद्याक्षर, सैन्याचा उल्लेख नाही. आंद्रोपोव, संरक्षणमंत्री उस्तिनोव आणि ग्रोमिको यांनी सुचवलेल्या उपायांना मंजुरी, एवढंच.

२७ डिसेंबरला सोव्हिएत कमांडोंनी काबूलमध्ये अमीनला मारलं, जो शेवटपर्यंत स्वतःला मॉस्कोचा निष्ठावान कम्युनिस्ट म्हणवत होता. आणि वॉशिंग्टनने आपली न कळलेली जागा लगेच भरली: राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार ब्रेझिन्स्की यांनी कार्टरना लिहिलं की हिंदी महासागरापर्यंत पोहोचायचं मॉस्कोचं जुनं स्वप्न आता आवाक्यात येऊ शकतं. २३ जानेवारी १९८० रोजी कार्टर यांनी जाहीर केलं की पर्शियन आखातावर ताबा मिळवायचा बाहेरच्या शक्तीचा प्रयत्न झाला तर अमेरिका बळाचा वापर करेल. मॉस्कोतल्या उपलब्ध कागदांत आखाताकडे कूच करण्याची योजना दिसत नाही. दिसते ती हातातलं निसटेल ही भीती.

निबंधासाठी माझा सल्ला: बाजू धरू नका, मार्च आणि डिसेंबर शेजारी शेजारी ठेवा आणि मधल्या नऊ महिन्यांत नेमकं काय बदललं हे विचारा. एक सावधगिरी मात्र बाळगा. मार्चच्या बैठकींचा सविस्तर वृत्तांत आहे, डिसेंबरच्या चर्चेचा नाही. आंद्रोपोवने डिसेंबरच्या सुरुवातीला ब्रेझनेवला लिहिलेल्या पत्राचीही आपण वाचतो ती सोव्हिएत मुत्सद्दी दोब्रीनिन यांनी उतरवून घेतलेली टिपणं आहेत, आणि बाकीचा बराच तपशील अशा माणसांच्या आठवणींतून येतो ज्यांना नंतर दोष दुसऱ्यावर ढकलायचा होता. त्यामुळे मार्चबद्दल ठामपणे लिहा, डिसेंबरबद्दल लिहिताना कोणतं विधान कोणत्या प्रकारच्या कागदावर उभं आहे हे प्रत्येक ठिकाणी सांगा.